शेजार आणि थप्पी

चार वर्षांपूर्वी माझ्या संपादनाखाली एका जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत एक वाक्य आहे : ‘अकराव्या प्रकरणात मासिकातील मजकूर आणि पुस्तकाची पहिली आवृत्ती यांच्यात काना-मात्रेचाही फरक नाही.’ हे विधान मी पूर्ण जबाबदारीने केले होते. दोन्ही मजकूर संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडून, ओळीशी ओळ ताडून केले होते. ते सपशेल चुकीचे आहे.

या चुकीचा उगम शोधताना मी अशा एका विषयात शिरलो, जो आपल्याकडे केवळ संगणकवाल्यांचा समजला जातो : एकाच वेळी अनेक फाइली उघड्या ठेवणे आणि पडदा विभागून त्या वाचणे. भाषांतर करणारा, प्रुफे तपासणारा, प्रबंध घेऊन बसलेला, असा प्रत्येक जण आज हे रोज करतो. कादंबरी मासिकातून क्रमशः आली की तिची बांधणी बदलते, हे आपल्या समीक्षेला मान्य आहे. पडदा विभागला की वाचन बदलते का, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे, असे मला वाटते.

आधी माझ्या कामाची हकिकत. कादंबरीचे आणि लेखकाचे नाव इथे घेत नाही. चूक माझी आहे, तिचा डाग त्यांच्यावर नको. ही कादंबरी पन्नाशीच्या दशकात एका मासिकातून क्रमशः आली, लगेच पुस्तक झाले आणि पुढे लेखकाच्या हयातीत दुसरी आवृत्ती निघाली. म्हणजे तीन संहिता. पहिल्या दोन १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या, अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेल्या. तिसरी नव्या नियमांची. तिन्ही टंकलिखित करून घेतल्या, प्रत्येक संहितेचा एक फोल्डर केला आणि प्रत्येक प्रकरणाची एक फाइल. भाच्याने माझ्या संगणकावर ‘एमॅक्स’ नावाचा टेक्स्ट एडिटर घालून दिला. नेहमीचे वर्ड का नको, असे मी विचारले, तर म्हणाला, “काका, वर्ड पान कसे दिसेल ते सांगते. तुम्हाला मजकूर काय आहे ते बघायचंय ना?” दुसरे एक प्रसिद्ध एडिटर ‘विम’ त्याच्या स्वतःच्या वापरात होते, पण त्यात अक्षरे सारख्या मापाच्या चौकोनांत बसवलेली असतात आणि आपली जोडाक्षरे त्या चौकोनांत नांदत नाहीत. एमॅक्सने २०२० साली अक्षरजुळणीची नवी व्यवस्था स्वीकारल्यापासून देवनागरी बरी दिसते. म्हणून एमॅक्स.

या दोन्ही एडिटरांची परिभाषा वाचताना मला पहिल्यांदा जाणवले, की आपण इथे पाठचिकित्सेच्या दारात उभे आहोत. ही मंडळी तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात. डिस्कवर असते ती फाइल. ती उघडल्यावर संगणकाच्या स्मृतीत तिची जी कामचलाऊ प्रत तयार होते तो ‘बफर’. आणि त्या बफरचा जो तुकडा पडद्यावर दिसतो ती ‘विंडो’. खिडकी बंद केली तरी बफर जागेवर असतो. नुसता नजरेआड होतो. बफरमध्ये शंभर बदल केले तरी जतन करेपर्यंत फाइल जुनीच राहते. एकाच बफरवर दोन खिडक्या उघडता येतात. वरच्या खिडकीत कादंबरीचे पहिले पान, खालच्या खिडकीत शेवटचे; वर एक शब्द बदलला आणि तो भाग खालीही दिसत असेल, तर तिथेही त्याच क्षणी बदलतो, कारण मजकूर एकच आहे.

एमॅक्समध्ये फाइल ‘उघडत’ नाहीत, फाइलला ‘भेट’ देतात. बफर बंद करत नाहीत, ठार करतात. आज सगळे जग ज्याला विंडो म्हणते त्याला एमॅक्स ‘फ्रेम’ म्हणतो, म्हणजे चौकट. आणि चौकटीतल्या एकेका भागाला विंडो. आपल्या वाड्यांच्या भाषेत त्याला तावदान म्हटले असते तर अर्थ जास्त नेमका लागला असता. पण खिडकी हा शब्द आता रुळला आहे, मीही तोच वापरतो.

या खिडक्यांचा इतिहास हस्तलिखितांच्या इतिहासासारखाच अपघातांचा आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी आपल्या यंत्रणेचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात पडद्याच्या एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात दूर मेन्लो पार्कला बसलेला सहकारी दिसत होता. कल्पना तेव्हापासूनची. प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांच्या हाती ती आली ती सावकाश. बर्कलीला शिकणाऱ्या बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. तो टेलिफोनच्या तारेवरून ३०० बॉडच्या मोडेमवरही चालावा, अशी त्यांची धडपड होती. त्या वेगाने सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे एक भरलेला पडदा, उमटायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो. अशा गरिबीत पडदा विभागायची चैन परवडणारी नव्हती. व्हीआयला एकदम पाच फाइलींची नावे देता येत. पण पाहायची एका वेळी एकच, ती संपली की पुढची.

जॉय यांनी त्यात खिडक्या घालायला घेतल्या होत्या. ही गोष्ट त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितली आहे. १९७८च्या डिसेंबरात त्यांच्याकडे व्हॅक्स हा नवा संगणक आला. टेपयंत्र बिघडलेले, त्यामुळे नकल ठेवण्याची सोय नाही; तरी ते काम करत राहिले. आणि एक दिवस मूळ संहिताच विस्कटली. कागदावर छापलेली पूर्ण प्रतही जवळ नव्हती. खिडक्यांसाठीचा भाग जवळजवळ लिहून झाला होता. जॉय यांनी नाद सोडला, आधीच्या आवृत्तीकडे परत गेले, तिची माहितीपुस्तिका पुरी केली आणि काम मिटवले. प्रवासात पेटी हरवून कादंबरीचे हस्तलिखित गेल्याच्या गोष्टी आपण हळहळून सांगतो, त्यांच्या शेजारी ही ठेवायला हरकत नाही. व्हीआयच्या वंशात पुढे ब्राम मूलेनार यांचा विम जन्माला आला, १९९१ साली. आणि त्यात अनेक खिडक्या आल्या त्या १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत. एक नकल नसल्यामुळे त्या घराण्याच्या वाचकांनी पंधरा-सोळा वर्षे एका वेळी एकच मजकूर पाहिला. एमॅक्सच्या घराण्यात पडदा दुभंगण्याची सोय तोवर जुनी झाली होती.

इथे मला दोन शब्द वापरायचे आहेत : थप्पी आणि शेजार. अनेक मजकूर एकाच वेळी ‘उघडे’ असण्याच्या या दोन अगदी भिन्न तऱ्हा आहेत. थप्पीत एक मजकूर वर असतो, बाकीचे त्याच्याखाली दबलेले. शेजारात दोन मजकूर एकाच नजरेच्या टप्प्यात असतात. थप्पीत तुलना करायची तर पहिला मजकूर स्मरणात धरून दुसऱ्याकडे जावे लागते, आणि स्मरण हा फार सढळ हाताचा लेखनिक आहे. तो अर्थ बरोबर उतरवतो आणि शब्द बदलतो. पाठभेदाला नेमका शब्दच हवा असतो.

आगोस्तीनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने १५८८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या यंत्रांच्या ग्रंथात एका ग्रंथचक्राचे चित्र आहे. पाणचक्कीसारखे उभे चाक, त्यावर फिरत्या घडवंच्या, प्रत्येकीवर एक उघडा ग्रंथ. दात्यांच्या चाकांमुळे घडवंची कायम एकाच कलात राहते, ग्रंथ पडत नाही. संधिवाताने जागचे हलता न येणाऱ्यांना हे उपयोगी पडेल, अशी शिफारसही त्याने केली आहे. संगणकाच्या पडद्याचा पूर्वज म्हणून हे चित्र हल्ली पुष्कळ ठिकाणी छापतात. ते पूर्वज आहे, पण कशाचे? चाकासमोर बसलेल्या माणसाला नीट वाचता येतो तो समोर आलेला एकच ग्रंथ. बाकीचे उघडे असूनही वाचता येत नाहीत. म्हणजे रामेल्लीचे चाक ही अस्सल थप्पी आहे. ब्राउझरच्या वरच्या कडेला ओळीने चिकटलेल्या टॅबांचा तो पणजोबा. खिडक्यांचा पूर्वज दुसरीकडे शोधायला हवा.

मला तो आपल्या पोथीत दिसतो. पोथी बांधलेली नसते. वेष्टन सोडले, पाने मोकळी केली, की एका प्रतीचे पान दुसऱ्या प्रतीच्या पानाशेजारी जमिनीवर मांडता येते. रामेल्लीच्या ग्रंथाआधी चारच वर्षे, शके १५०६ म्हणजे १५८४मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या पुढ्यात पाने कशी मांडलेली होती हे कुणी लिहून ठेवलेले नाही, आणि मी त्याची कादंबरी करणार नाही. इतकेच म्हणतो, की सुटी पाने ही पाठशुद्धीला अनुकूल वस्तू आहे, शिवलेला ग्रंथ तेवढा नाही.

आजची सॉफ्टवेअरे मात्र आपल्याला थप्पीकडे ढकलतात. वर्डमध्ये पडदा दुभंगण्याची आणि दोन दस्तऐवज शेजारी ठेवून एकत्र सरकवण्याची सोय आहे. ती वापरणारा लेखक मला अजून भेटायचा आहे. टॅब हाताशी असतो, दिसतो, एका टिचकीत उघडतो. विमने २००६ साली टॅब स्वीकारले ते वेगळ्या अर्थाने : तिथे एक टॅब म्हणजे एक फाइल नव्हे, खिडक्यांची एक पूर्ण मांडणी. पण बाहेरून आलेले लोक एका टॅबात एक फाइल उघडून बसतात आणि विमची मंडळी त्यावर चिडतात. हे चिडणे मला पुष्कळदा सोवळ्याओवळ्यासारखे वाटे. आता तितकेसे वाटत नाही.

तुलनाच करायची तर यंत्राकडून का करून घेऊ नये, असे कुणीही विचारील. ‘डिफ’ नावाचा कार्यक्रम बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकात तयार झाला आणि दोन फाइलींतला फरक दाखवण्याचे काम तो आजही चोख करतो. मी तो पहिल्याच आठवड्यात चालवला आणि पडदा रंगपंचमीसारखा झाला. कारणे तीन. डिफ ओळीगणिक तुलना करतो, आणि माझ्या फाइलींत अख्खा परिच्छेद ही एक ओळ होती. एक वेलांटी बदलली तरी परिच्छेद रंगला. दुसऱ्या आवृत्तीत जुने अनुस्वार गेलेले, म्हणून तिथे प्रत्येक वाक्य रंगले. तिसरे कारण कळायला मला महिना लागला. ‘दुसऱ्या’, ‘खऱ्या’ यांतला ऱ्या युनिकोडमध्ये वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो : खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यांना जोडणारे एक अदृश्य चिन्ह घेऊन. मासिकाची संहिता एका टंकलेखिकेने केली होती, पहिली आवृत्ती दुसरीने. एकीने एक रीत वापरली, दुसरीने दुसरी. पडद्यावर दोन्ही अगदी एकरूप. यंत्राला मात्र पानोपानी पाठभेद. जो फरक माणसाला दिसत नाही तो यंत्र ओरडून सांगत होते, आणि लेखकाने केलेला खरा बदल त्या ओरड्यात बुडत होता. मी डिफ बाजूला ठेवला आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून खिडक्यांकडे वळलो. दहा प्रकरणे नीट झाली. सत्तावीस खरे पाठभेद हाती लागले, त्यांतले चार-पाच महत्त्वाचे.

अकराव्या प्रकरणाच्या दिवशी मी मासिकाची फाइल उघडली आणि कंट्रोल-एक्स व तीनचा आकडा दाबून पडदा उभा दुभंगला. एमॅक्समध्ये पडदा दुभंगला की दोन्ही खिडक्यांत तोच बफर दिसतो; मग एका खिडकीत जाऊन दुसऱ्या फाइलला भेट द्यायची असते. ती द्यायच्या आधी फोन आला. वीस मिनिटांनी परतलो तेव्हा दोन खिडक्या तयार होत्या. मी वाचायला बसलो. डावीकडे एक ओळ, उजवीकडे तीच ओळ. दीड तास. फरक शून्य.

प्रत्येक खिडकीच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्यावर बफरचे नाव असते. माझ्या दोन्ही फाइलींचे नाव ‘११’ हेच, फोल्डर तेवढे वेगळे. एकाच नावाच्या दोन फाइली उघड्या असल्या की एमॅक्स नावापुढे फोल्डरचे शेपूट लावतो. त्या दिवशी दोन्ही पट्ट्यांवर नुसते ‘११’ होते. शेपूट नव्हते. दुसरी फाइल उघडलेलीच नाही, असे यंत्र दीड तास मुकाट्याने सांगत होते.

खरी लाज याच्या पुढची आहे. वाचता वाचता दोन्हीकडे मला एकच छापील चूक सापडली : ‘निघाली’च्या जागी ‘निघली’. मी हरखलो. लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाने ओळखली जाणारी पाठचिकित्सेची पद्धत याच आधारावर उभी आहे, की दोन प्रतींत सामाईक चूक आढळली तर त्यांचे नाते जवळचे. त्या जोरावर मी प्रस्तावनेत लिहिले, की पुस्तकाच्या या प्रकरणाची जुळणी थेट मासिकाच्या कात्रणावरून झाली असली पाहिजे, कारण मुद्रणदोषही तसाच उतरला आहे. एका प्रतीने स्वतःशीच नाते सिद्ध केले होते आणि मी साक्षीला उभा होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकरांनी त्याची सूत्रे घेतली, १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले, १९४३ मध्ये ते गेले आणि सगळे काम संपायला १९६६ उजाडले. तिथले ताडणीचे तक्ते हा मला माहीत असलेला शेजाराचा सर्वांत शिस्तबद्ध नमुना आहे : वर आधाराचा श्लोक अक्षर अक्षर सुटे करून लिहिलेला, आणि खाली एकेका हस्तलिखिताचा भेद त्या त्या अक्षराच्या रकान्यात. आदिपर्वासाठी साठेक हस्तलिखिते अशी एकाखाली एक आली. पण सुखटणकरांचे मोठेपण रकाने आखण्यात नाही. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या परंपरा जिथे जुळतात तिथे तो पाठ जुना मानायचा, याला त्यांनी एक अट घातली : जुळणाऱ्या प्रती एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. एकीवरून दुसरी उतरवली असेल किंवा मध्येच त्यांची सरमिसळ झाली असेल, तर दोघींचे एकमत म्हणजे एकीचेच मत. आधी साक्षीदार किती ते मोजा, मग साक्षी जुळतात का ते पाहा. मी हे विद्यार्थ्यांना पंचवीस वर्षे शिकवले आहे.

विभागलेला पडदा याच जागी फसवतो. आपल्या डोळ्यांना कागदाची सवय आहे. कागदावर दोन जागी दिसणारा मजकूर म्हणजे दोन वस्तू. एक फाडली तरी दुसरी उरते. एडिटरमध्ये दोन जागी दिसणारा मजकूर एकच असू शकतो. ‘खिडकी’ या शब्दातच हे सांगितले आहे, आणि तरी आपण खिडकीला पान समजून वाचतो. थप्पीचा दोष असा, की ती तुलनाच करू देत नाही; आणि तो दोष निदान वाचणाऱ्याला जाणवतो तरी. शेजार तुलना घडल्याचे पूर्ण समाधान देतो, ती घडलेली नसतानाही. तरीही निवड करायची झाली तर मी शेजारच निवडेन. टॅबात मी हे प्रकरण वाचले असते तर चूक वेगळ्या तऱ्हेची झाली असती, आणि ती कधी कुणाला सापडलीही नसती.

ही सापडली ती साताऱ्याच्या एका वाचकामुळे. त्यांच्याकडे मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. त्यांनी अकराव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स पाठवली, सोबत दोन ओळींचे पत्र. एकही कडवट शब्द नव्हता. प्रकरणाच्या शेवटी नायिका माहेरचे घर सोडून निघते. पुस्तकात ती काहीही न बोलता उंबरा ओलांडते. मासिकात ती दारातून मागे वळून भावाला विचारते, की आईच्या पाटल्यांचे काय झाले. तेवढाच प्रश्न, उत्तर नाही, प्रकरण समाप्त. झेरॉक्स हातात घेऊन मी माझी मासिकाची फाइल उघडली. तो प्रश्न तिथे होता, टंकलेखिकेने बिनचूक उतरवलेला. त्या दीड तासात मी तो दोनदा वाचला होता, डावीकडे आणि उजवीकडे.

या नायिकेच्या मौनावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मी स्वतः प्रस्तावनेत तीन पाने खर्चली आहेत : हे मौन तिच्या काळाच्या पुढचे कसे, हिशेब न मागता निघून जाण्यात तिची ताकद कशी. मासिकातल्या नायिकेने हिशेब मागितलेला आहे.

मग प्रश्न कुणी काढला? लेखकाने काढला असेल तर माझी तीन पाने कदाचित तगतील. मौन ही त्याची जाणीवपूर्वक निवड ठरेल. पण पहिल्या आवृत्तीत हे प्रकरण पानाच्या अगदी शेवटच्या ओळीवर संपते आणि पुढचे प्रकरण नव्या पानावर सुरू होते. दोन ओळी जास्त झाल्या असत्या तर एक अख्खे पान वाढले असते. कंपोझिटरने किंवा प्रकाशकाने पान वाचवायला त्या ओळी उडवल्या असणे अगदी शक्य आहे. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफे लेखकाने पाहिली होती आणि प्रश्न परत घातला नाही, हे खरे. तोपर्यंत तो विसरलाही असेल. समीक्षकांनी मौनाची स्तुती सुरू केल्यावर तो गप्प बसला असेल, हेही मला अशक्य वाटत नाही.

आता पुनर्मुद्रण निघते आहे. भाच्याने सगळे ऱ्या एका रीतीत आणून दिले, परिच्छेद वाक्यावाक्यांत तोडले, आणि आता डिफ शहाण्यासारखा वागतो. फाइलींची नावेही बदलली आहेत. प्रस्तावनेतली दोन्ही विधाने काढली, मौनावरची पाने निम्मी केली. संहितेत पहिल्या आवृत्तीचाच शेवट ठेवला आहे, पाटल्यांचा प्रश्न तळटीपेत दिला आहे, आणि त्या शेवटच्या वाक्याखाली भांडारकर प्रतीत संशयास्पद पाठाखाली असते तशी नागमोडी रेघ घातली आहे. परवा छापखान्यातून जुळणी करणाऱ्या मुलीचा फोन आला : “सर, पान एकशे अडतीसवर स्पेलचेकची रेघ तशीच राहिलीय. काढून टाकू का?”